सात आठवडे आणि एक चप्पल

वॉकर सुटला, काठी आली. खुब्याचा सांधा उजवा बदललाय, म्हणून काठी डाव्या हातात. पहिले चार दिवस मी हटकून उलटीच धरायचे. आज संध्याकाळी पहिल्यांदा एकटी कमला नेहरू पार्कला गेले. जिन्यात फिजिओबाईंचा मंत्र चालूच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. फुटपाथवर दुचाक्या मुक्कामाला, त्यामुळे रस्त्याच्या कडेनेच.

बाकापाशी पोचले आणि उजव्या पायातली चप्पल निसटली. (मागे पट्टा असलेलीच घाला, असं बजावलं होतं. ऐकलं नाही.) चप्पल हातभर लांब, उलटी पडलेली. पण ९० अंशांपलीकडे वाकायचं नाही! उचलायचा लांब चिमटा घरी. बाक इतका बुटका की बसायचीही सोय नाही. काठी टेकून चपलेकडे बघत उभी राहिले.

शेवटी भेळ खाणारा एक शाळकरी पोरगा आला. "आजी, पाय पुढे करा," म्हणाला आणि चक्क चप्पल पायात घालून दिली. त्याच्या बोटांची चिंचेची चटणी अंगठ्याला लागलीये, अजून पुसता आलेली नाही.

'आजी' मात्र जरा लागलं. ६१ हे काय वय आहे?