युनियन कोणाची होती?

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, हैदराबाद

दिल्लीची कसोटी आज सकाळीच आटोपली. भारताला ५८ धावा हव्या होत्या, त्या निघाल्या. पण मला जास्त अप्रूप वाटलं ते फॉलोऑननंतर वेस्ट इंडिजने काढलेल्या ३९० धावांचं. कॅम्पबेल आणि होप, दोघांची शतकं, आणि शेवटच्या जोडीचा तो चिवटपणा! रात्री काकांना फोन केला तर तेही त्यावरच खूश होते. मग बोलता बोलता विषय २०१४ वर गेलाच. आमच्या घरात वेस्ट इंडिजचं नाव निघालं की तो तिथे जातोच.

त्या ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडिजचा संघ मानधनाच्या वादात भारताचा दौरा अर्धवट टाकून परत गेला. ३० तारखेपासून इथे उप्पलला कसोटी होती. काका दिवाळीला येणार आणि कसोटी बघूनच मुंबईला परतणार, असा बेत होता. हुसेनसागर एक्सप्रेसचं आरक्षण, माझी रजा, कुठल्या स्टँडला दुपारी सावली असते याची चौकशी, सगळं झालं होतं. १७ तारखेला धरमशालाच्या सामन्यात नाणेफेकीला कर्णधार ड्वेन ब्राव्हो अख्खा संघ घेऊन आला. एरवी तिथे कर्णधार एकटा येतो. त्या दिवशी त्याच्या मागे सगळे उभे. कोहलीने १२७ काढल्या, आपण जिंकलो, आणि त्याच दिवशी दौरा संपल्याचं जाहीर झालं. कोलकात्याचा एकदिवसीय, कटकचा टी-ट्वेंटी, हैदराबाद, बंगळुरू, अहमदाबादच्या तिन्ही कसोट्या, सगळं रद्द.

मी रडकुंडीला आले होते. काकांनी फोनवर एवढंच विचारलं, "पोरी, युनियन कोणाची होती?"

काका लालबागचे, कापडगिरणीच्या साचेखात्यातले, म्हणजे मागावर काम करणारे. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर पहिलीवहिली कसोटी झाली तेव्हा खात्यातल्या मित्रांबरोबर ते तिथे होते. वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. त्याचं द्विशतक झाल्यावर एक तरुण अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बडवलं आणि अख्खं स्टेडियम पेटून उठलं. काका ही गोष्ट सांगतात तेव्हा लॉइडच्या षटकारांपेक्षा त्या पोराबद्दल जास्त बोलतात.

त्यांच्या प्रश्नात सगळं होतं. खेळाडूंचं भांडण वेस्ट इंडिजच्या क्रिकेट बोर्डाशी होतं तितकंच स्वतःच्या संघटनेशी होतं. संघटनेचा अध्यक्ष वेव्हेल हाइंड्स, स्वतः माजी कसोटीपटू. त्याने सप्टेंबरमध्ये बोर्डाबरोबर नवा करार केला. देशांतर्गत क्रिकेटमधल्या पोरांना नियमित पगार मिळावा म्हणून त्यात राष्ट्रीय संघाच्या पैशाला कात्री लागली. हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. गयाना किंवा बार्बाडोसमधल्या, नाव न झालेल्या गोलंदाजालाही घर चालवायचं असतंच. पण ज्यांच्या ताटातलं काढायचं त्यांना विचारलंच नाही, असं खेळाडूंचं म्हणणं होतं. कोचीच्या पहिल्या सामन्याआधी त्यांनी सराव केला नाही, तरी दुसऱ्या दिवशी मैदानात उतरून १२४ धावांनी जिंकले. सॅम्युअल्स नाबाद १२६. पैशापुरते खेळणारे लोक असं खेळत नाहीत.

गिरणगावात हेच झालं होतं, असं काका म्हणतात. कायद्याने मान्यता एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघ या युनियनला, त्याने सही केली की ती सगळ्यांच्या माथी. त्याच्यावरचा विश्वास उडाला म्हणून लोक कामगार नेते दत्ता सामंतांकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास माणसं संपावर गेली. काका परत साच्यावर उभे राहिले नाहीत. एका दुकानात हिशेब लिहून त्यांनी संसार केला. त्यामुळे ऑफिसात जेव्हा सगळे ब्राव्होला हावरट म्हणत होते तेव्हा मला ते ऐकवत नव्हतं. चाहत्याचा राग ज्याचा चेहरा ओळखीचा त्याच्यावर निघतो. करारावर सही करणाऱ्यांचे चेहरे कोणाला ठाऊक असतात? पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाच्या संघात ब्राव्हो नव्हता, पोलार्डही नव्हता. त्यांची पोस्टर लावणाऱ्या पोरांचंही नुकसानच.

भारतीय बोर्डाने वेस्ट इंडिजच्या बोर्डाकडे ४ कोटी डॉलरच्या वर भरपाई मागितली. त्या हिशेबात प्रेक्षक कुठे बसतो, हे मला आजतागायत समजलेलं नाही. रद्द केलेल्या आरक्षणातून रेल्वेने पैसे कापले ते सोडा. वाया गेलेली रजा, वर्षभर बघितलेली वाट, याचं काय? घाईघाईने श्रीलंकेला बोलावून पाच एकदिवसीय सामने भरले आणि १३ नोव्हेंबरला ईडनवर रोहितने २६४ केल्या. लोकांना नोव्हेंबर २०१४ म्हटलं की तेवढंच आठवतं. मीही ती खेळी डोळे विस्फारून पाहिली. पण कसोटी ती कसोटी. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिन निवृत्त झाला, त्यानंतर भारतात पुरुषांची पुढची कसोटी थेट नोव्हेंबर २०१५ मध्ये मोहालीला. तब्बल दोन वर्षं! त्या काळात क्रिकेटचं वेड लागलेल्या पोरांना आपल्या गावात पुरुषांची कसोटी बघायलाच मिळाली नाही, आणि याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

उप्पलची वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये झाली. आपल्या विदर्भाच्या उमेश यादवने दहा बळी घेतले, तीन दिवसांत खेळ खलास. मी गेले होते. काका गुडघ्यांमुळे येऊ शकले नाहीत. त्यांनी टीव्हीवर पाहिली आणि दर संध्याकाळी मला खेळपट्टीबद्दल विचारत राहिले.

आज फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आपल्या पोरांची युनियन आहे का गं?" मी सांगितलं, २०१९ मध्ये एक संघटना झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. सध्या खेळणाऱ्यांची नाही. काकांना ते अजिबात पटलं नाही. इतका पैसा, इतके सामने, आणि पोरांच्या वतीने बोलायला कोणी नाही? उद्या त्यांचं आणि बोर्डाचं वाजलं तर कोणाशी बोलणार, आणि आम्ही प्रेक्षकांनी खरं काय ते कोणाला विचारायचं? मलाही उत्तर देता आलं नाही.