आधी कान्हेरी, मग नदी: बोरिवलीच्या जंगलातला एक रविवार

गणपती गेले की आमच्या घरात पोरांची भुणभुण सुरू होते, कुठेतरी घेऊन चला म्हणून. यंदा वॉटरपार्कचा विषय निघाला, लोणावळ्याचाही निघाला. मी बोरिवलीचं नाव काढलं. लेक तिसरीत, भाचा नववीत आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे. या तिघांना एकाच दिवसात आनंद देईल असं मुंबईतलं ठिकाण माझ्या मते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानच. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आपल्या लोकलच्या तिकिटात गाठता येतं, हे भाग्य किती शहरांना मिळतं?

उद्यान सोमवारी बंद असतं, म्हणून रविवार धरला. दादरहून सकाळची बोरिवली फास्ट पकडली. त्या वेळी उलट्या दिशेची गाडी मोकळी असते, सासूबाईंना खिडकी मिळाली. स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षाने गेट.

बेत आखताना मी एकच गोष्ट हट्टाने ठरवली होती: आधी वर कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांकडे जायचं, बाकी सगळं नंतर. बहुतेक कुटुंबं गेटजवळच्या बागेत रमतात, सफारीच्या रांगेत लागतात आणि भर बारा वाजता लेण्यांच्या पायऱ्या चढायला घेतात. काळा कातळ तोवर तापलेला असतो, पोरं कंटाळलेली असतात. गेटपासून लेणी साधारण सहा किलोमीटर. आम्ही बसने गेलो. भाच्याला सायकल हवी होती, पण वाटेत चढ आहे आणि सासूबाईंना सोडून पुढे जायचं नव्हतं.

लेण्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. आत शिरल्यावर थोड्याच पायऱ्यांवर तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने एवढंच पाहिलं तरी येण्याचं सार्थक होतं. व्हरांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या उभ्या मूर्ती, दोन मजल्यांएवढ्या उंच. आत खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. सासूबाई तिथल्या गारव्यात टेकल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही या फिरून, मला इथून हलवू नका.”

पोरांना घेऊन मी वर गेले ते पाणी दाखवायला. इथे शंभराहून जास्त लेणी आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या दाराशी कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. डोंगरउतारावर पडलेला पाऊस चर खोदून वळवायचा, टाक्यात साठवायचा आणि उन्हाळाभर पुरवायचा, अशी ती सोय. भिक्खूंची वस्ती इथे जवळजवळ हजार वर्षं टिकली, त्यामागे ही टाकी आहेत. भाद्रपदात ती काठोकाठ भरलेली असतात, म्हणून यायचं तर पावसाळा सरता सरता या. भाचा एका चरावर बोट ठेवून उताराने खाली खाली गेला आणि बरोब्बर टाक्यापाशी पोचला. मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. कातळावर शेवाळ होतं, त्यामुळे लेकीचा हात मात्र घट्ट धरला होता. पायात पकड असलेले बूट हवेतच.

उतारांवर कारवीची झुडपं दाट माजलेली होती. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. इथे २०१६ला फुलली, मग २०२४ला. आता २०३२. तेव्हा लेक बरीच मोठी झालेली असेल, तरी मी तिला ओढत आणणार आहे.

डबा वर उघडू नका. माकडं पिशवीचा आवाज ओळखतात. आमचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही खाली उतरल्यावर, सावलीत बसून संपले. पाणी स्टीलच्या बाटल्यांतून नेलं होतं. प्लास्टिक नेऊच नये असं माझं ठाम मत आहे, जंगलात कचरा उचलणारा कोणी वेगळा नसतो.

दुपारी नदीकाठी बसलो. ही दहिसर नदी, हिचा उगम उद्यानातच, तुळशी तलावाच्या बाजूला. तुळशी १८७९चा, त्याआधी १८६०मध्ये विहार तलावाचं काम पूर्ण झालं आणि मुंबईच्या नळाला पहिल्यांदा धरणाचं पाणी आलं. दोन्ही तलाव याच जंगलाच्या ओंजळीत आहेत आणि अजूनही शहराला पाणी देतात. हे ऐकल्यावर लेकीने विचारलं, “मग हे पाणी पुढे कुठे जातं?”

सफारीचा बेत आम्ही तिथेच सोडून दिला. बाहेर पडून रिक्षा केली आणि हायवेच्या पलीकडे, वस्तीतून वाहणारी तीच नदी पोरांना दाखवली. काळं पाणी, गोठ्यांचं शेण, पिशव्या. सासूबाई रिक्षातून उतरून पुलाच्या कठड्यापाशी उभ्या राहिल्या. “सकाळी वर हिला बघितलं नसतं तर मी हिला नालाच म्हटलं असतं,” त्या म्हणाल्या.

तुम्ही जाल तेव्हा सफारीला वेळ कमी पडला तरी चालेल, पण परतताना अर्धा तास या पुलासाठी ठेवा. आणि मुलांना दोन्ही जागा एकाच दिवशी दाखवा, याच क्रमाने.