गाव कुठलं तुमचं?

२०२० च्या जानेवारीतला शनिवार, तारीख १८. उर्दू कथाकार सआदत हसन मंटोला जाऊन त्या दिवशी बरोबर पासष्ट वर्षं झाली होती. कल्याण-उल्हासनगर पट्ट्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. आमचं वाङ्मय मंडळ शनिवारी शेवटच्या तासानंतर बसतं आणि कॉमर्सची मुलंही येतात. त्या दिवशी त्याची फाळणीवरची 'टोबा टेक सिंग' ही कथा वाचायची ठरली होती. मंटोची उर्दू देवनागरीत छापलेली असली की आमच्या मुलांना ती सहज कळते. मी पंचवीस झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या.

ही कथा तेव्हाच निवडायला कारण होतं. डिसेंबरात, पाकिस्तानसारख्या शेजारी देशांतून आलेल्या मुस्लिमेतरांना नागरिकत्वाची वाट देणारा नागरिकत्व दुरुस्ती कायदा संमत झाला होता आणि स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं एका डब्यातून जेवणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. कॅन्टीनमध्ये मुलांची टेबलं वेगळी पडत चालली होती. यावर मुलांनी बोलावं असं मला फार वाटत होतं. पण सरळ कायद्यावर चर्चा ठेवली असती तर घरी आणि टीव्हीवर ऐकलेली वाक्यं एकमेकांच्या अंगावर टाकून सगळी उठून गेली असती. गोष्टीचं तसं नसतं. गोष्टीतल्या माणसाची बाजू घ्यायला स्वतःचं आडनाव सांगावं लागत नाही.

हे कळत असूनही मी वाचनाआधी एक खेळ घेतला. फळ्यावर भारताचा नकाशा काढला, पश्चिमेला पाकिस्तानचाही थोडा भाग आला, आणि म्हटलं, "आपापलं मूळ गाव दाखवा." पहिला ठिपका मी माझ्या वाईचा दिला. 'गाव कुठलं तुमचं?' आपण लोकलमध्ये शेजारी बसलेल्यालाही विचारतो. त्यात कुणाला काही खुपेल असं माझ्या मनातही आलं नाही.

सुरुवात छान झाली. जौनपूर, खेड, जामनेर. जौनपूरवाला म्हणाला, "तिकडे मला सगळे बंबईवाला म्हणतात, मॅडम." नेवाळीच्या आगरी मुलाने ठिपका कल्याणच्या इतका जवळ दिला की दोन्ही एकच दिसायला लागले. "आमचा गाव हाय तिथंच हाय. जमीन गेली," तो म्हणाला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी धावपट्टीसाठी घेतलेली तिथली जमीन शेतकऱ्यांना परत मिळालेली नाही. २०१७ च्या जूनमध्ये त्यावरून आंदोलन पेटलं, तेव्हा त्याचे काका त्यात होते.

मग एक सिंधी मुलगा उठला आणि खडू हातात घेऊन नुसताच उभा राहिला. "मी काय दाखवू? कॅम्प नंबर चार?" मुलं हसली. तो हसला नाही. "आजोबा सिंधमधल्या शिकारपूरचे. पण मे महिन्यात तुम्ही सगळे गावाला जाता ना, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये आम्हीच असतो. मला गावाला जाणं म्हणजे काय तेच माहीत नाही." फाळणीत पंजाब आणि बंगालचे तुकडे झाले, निदान एक तुकडा इकडे राहिला. सिंध अखंडच पलीकडे गेला. कराचीहून बोटींनी आलेली माणसं युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये राहिली आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. हे सगळं मला पाठ होतं. मे महिन्याचं मात्र पंधरा वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

त्याच्यानंतर टीवायबीकॉमची एक मुलगी आली. शांत, कायम शेवटच्या बाकावर बसणारी. तिने उल्हासनगरवर ठिपका दिला. मागून कुणीतरी गमतीत ओरडलं, "अरे, ही तर डायरेक्ट पाकिस्तानची!" तिने खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. वर्गात एकदम शांतता झाली, कारण ते खरं होतं आणि ठाऊक असलेली पाचसहा जणं आता खाली बघत होती. मला ठाऊक नव्हतं. मी खेळ तिथेच थांबवला आणि काही न बोलता वाचायला घेतलं.

फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही सरकारांना सुचतं की कैद्यांची अदलाबदल झाली तशी वेड्यांचीही व्हावी. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातले लोक कोड्यात पडतात. पाकिस्तान म्हणजे काय, असं एकाला विचारलं तर तो म्हणतो, हिंदुस्थानातलं एक ठिकाण आहे, तिथे वस्तरे बनतात. एक जण झाडावर चढतो आणि म्हणतो, मला हिंदुस्थानातही राहायचं नाही, पाकिस्तानातही नाही, मी इथेच राहणार. मुलं हसत होती. बिशनसिंग आला तसं हसू कमी झालं. पंधरा वर्षं उभा असलेला हा म्हातारा भेटेल त्याला आपल्या गावाबद्दल विचारतो, टोबा टेक सिंग कुठे आहे? भेटायला आलेला त्याचा दोस्त फजलदीन म्हणतो, कुठे म्हणजे, जिथे होतं तिथेच आहे. आणि मग पाकिस्तानात की हिंदुस्थानात, या प्रश्नावर तोही गोंधळतो. शेवटी वाघा सीमेवर दोन कुंपणांच्या मधल्या बिननावाच्या जमिनीवर बिशनसिंग पालथा पडतो.

वाचून झाल्यावर मी मंटोबद्दल एवढंच सांगितलं की तोही जानेवारी १९४८ मध्ये मुंबई सोडून बोटीने कराचीला गेला. त्याच महिन्यात कराचीत दंगल झाली आणि तिथून मुंबईकडे येणाऱ्या बोटी माणसांनी भरून वाहत होत्या.

शिकारपूरवाला सगळ्यांत आधी बोलला. "मॅडम, आपण राष्ट्रगीतात सिंध म्हणतो. तो सिंध कुठे आहे?"

बिशनसिंगचाच प्रश्न होता तो. तो शब्द काढावा अशी याचिका झाली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती फेटाळली, हे मी सांगितलं. राष्ट्रगीत म्हणजे देशाच्या हद्दीची नोंद नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. हेही सांगितलं की १९३६ पर्यंत सिंध आपल्याच मुंबई इलाख्यात होता. वाई आणि शिकारपूरचा गव्हर्नर एकच. "म्हणजे तेव्हा आम्ही बाहेरचे नव्हतो," तो म्हणाला. मला उत्तर देता आलं नाही.

महाडकडचा एक कोकणी मुस्लिम मुलगा म्हणाला की सगळे बिशनसिंगबद्दल बोलतात, पण त्याला कुणीतरी घेऊन तरी जात होतं. "माझ्या पणजोबांना कुठेच जायचं नव्हतं, ते राहिले. त्यांना कुणी कागद विचारला नाही. २००५ च्या पुरात महाडच्या घरातले कागद वाहून गेले. आता आई उरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवते आणि रोज बघते."

"आमचीपण पिशवी आहे," शेवटच्या बाकावरून आवाज आला.

ती उभी राहिली नाही, बसूनच बोलली. गाव सिंधमधलं घोटकी. चौथीपर्यंतची शाळा तिथलीच. पासपोर्ट अजून हिरवा, पाकिस्तानचाच आहे, इथलं राहणं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आणि त्याची मुदत वाढवायला दर वेळी तीच पिशवी घेऊन जावं लागतं. "तुम्ही गाव दाखवा म्हणालात तेव्हा मला दाखवायचं होतं. माझं गाव मला आठवतं. स्टेशनसमोर नानीचं घर आहे, ती अजून तिथेच असते. फोनवर विचारते, घरी कधी येणार? मी काय सांगू, घर कुठलं?" आणि मग माझ्याकडे बघून, "मॅडम, हम्पीच्या सहलीला मला ताप नव्हता. राज्याबाहेर जायला परवानगी काढावी लागते."

गेल्या वर्षी ऐन वेळी तिने नाव काढलं म्हणून मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते. जबाबदारी कळत नाही, असं काहीतरी. त्या दिवशी मी तिची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर.

नवीन कायद्याने हिला दार उघडत होतं आणि महाडच्या मुलाच्या आईची झोप उडाली होती. दोघं एकाच वर्गात, तीन बाकांच्या अंतरावर. माझं मत मला होतं, मुलांनी विचारलं असतं तर लपवलं नसतं. कुणी विचारलं नाही. त्यांना एकमेकांच्या पिशवीत काय काय आहे ते जाणून घ्यायचं होतं. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, वीजबिल. शिपाई कुलूप घेऊन दोनदा येऊन गेला. गमतीत ओरडलेला मुलगा जाताना तिच्या बाकापाशी थांबला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

पुढच्या शनिवारी शिकारपूरवाल्याने एक जुनी वही आणली. आजोबांची. हिशेब आणि मधेमधे काही लिहिलेलं, सगळं अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. आजोबा गेल्यापासून घरात ती कुणालाच वाचता येत नव्हती. वडील हिंदी माध्यमात शिकलेले, हा इंग्रजी. त्याने वही तिच्यासमोर ठेवली.

चौथीपर्यंतची अक्षरं होती तिची, अडखळत होती. बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं. एका ओळीपाशी ते थांबलं.

"पत्ता आहे. शिकारपूर, लखी दर."

"दर म्हणजे?"

"दार," ती मराठीत म्हणाली आणि पुढची ओळ लावू लागली.