एकोणऐंशी अंशांवरची संक्रांत

सकाळचे नऊ वाजले होते आणि कपाळावरचा दिवा बंद करून आम्ही चालत होतो. आर्क्टिकमधल्या नी-ओलेसुंडच्या जानेवारीत ही साधी गोष्ट नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मावळलेला इथला सूर्य फेब्रुवारीचा मध्य उलटल्यावरच क्षितिजाशी येतो. मधले जवळजवळ चार महिने दिवा हा कपड्यांचाच भाग असतो. बूट चढवले की हात आपोआप त्याच्याकडे जातो. पण त्या दिवशी, १४ जानेवारी २०२५ ला, आकाशात चंद्र होता. आदल्या दिवशी पौष पौर्णिमा झालेली, आणि हा चंद्र त्याआधीपासून कित्येक दिवस मावळलाच नव्हता.

हिवाळ्यातला पूर्ण चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. सूर्य दक्षिणेकडे जितका खाली गेलेला, तितका चंद्र उत्तरेकडे वर आलेला. पुण्यात त्यामुळे तो पौषात जवळजवळ डोक्यावर येतो, एवढंच. इथे, ७९ अंश उत्तरेला, तो मावळतच नाही, डोंगरांवरून गोल फिरत राहतो. त्यातून २०२५ चा जानेवारी खास होता. चंद्राच्या कक्षेचं १८.६ वर्षांचं एक चक्र आहे आणि त्याचं टोक नेमकं त्या महिन्यांत आलं होतं. चंद्र नेहमीपेक्षा जास्त उत्तरेला चढत होता, त्यामुळे तो सलग दहा दिवस आमच्यासोबत राहिला. त्याच्याजवळ लालसर मंगळ होता, आणि थोडा दूर गुरू. तेही मावळत नव्हते. याची किंमत कळते ती पुढच्या पंधरवड्यात. अमावास्येच्या आसपास चंद्रही क्षितिजाखाली जातो आणि मग खरा काळोख. म्हणून इथले लोक चंद्राच्या तारखा पाठ करतात. माझ्या भिंतीवर आईने दिलेलं पंचांग होतं. ते बघायला शेजारच्या केंद्रांतले लोक यायचे.

जागेबद्दल थोडं सांगते. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, काँग्सफ्यॉर्ड या खाडीच्या काठी ही वस्ती आहे. एकेकाळी कोळशाच्या खाणीचं गाव. नोव्हेंबर १९६२ मध्ये खाणीत स्फोट झाला, २१ माणसं गेली, आणि पुढच्या वर्षी खाण कायमची बंद झाली. आता इथे फक्त संशोधन चालतं. भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून आहे, पण आपली माणसं हिवाळ्यातही राहू लागली ती डिसेंबर २०२३ पासून. गोव्याची ध्रुवीय संशोधन संस्था ही मोहीम चालवते, आणि पहिल्याच तुकडीत आमच्या पुण्याहूनही माणसं आली होती. उन्हाळ्यात गजबजणारं गाव हिवाळ्यात पस्तिसेक जणांवर येतं. लाँगयीअरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य गावाहून आठवड्यातून दोनदा छोटं विमान येतं. हवा बिघडली की तेही येत नाही.

आम्ही दोघं निघालो होतो ते ग्रूवेबादेतला फिल्टर बदलायला. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझा गोव्याचा सहकारी, वयाने लहान, मला ताई म्हणणारा. ग्रूवेबादे ही वस्तीच्या बाहेरच्या बाजूची एक जुनी इमारत. खाणकामगार पाळी संपवून आले की इथे अंघोळ करायचे, अंगावरची काजळी धुवायचे. आज त्याच इमारतीत हवेतली काजळी मोजायची यंत्रं आहेत. पंप बाहेरची हवा ओढतात, हवेतले कण फिल्टरवर बसतात, आणि युरोप-आशियातल्या धुराड्यांतून निघालेलं काय काय इतक्या वर येऊन पोचलं ते त्या करड्या डागातून कळतं. हिवाळा सरता सरता ते प्रमाण वाढतं. मला हे काम आवडतं. चिमट्याने जुना फिल्टर उचलायचा, नवा ठेवायचा, वेळ लिहायची, पंपाचा प्रवाह तपासायचा. हातमोजा जरा वेळ काढावा लागतो तेव्हा बोटं बधिर होतात, मग ती काखेत धरून ऊब यायची वाट बघायची. बोटांत रक्त परत येतानाची ती दुखरी ऊब! मोहिमेवर येण्याआधी कुणी सांगितलं असतं की ही सुखाची गोष्ट आहे, तर माझा विश्वास बसला नसता.

वस्तीबाहेर पाऊल टाकलं की खांद्यावर रायफल आणि खिशात फ्लेअर पिस्तूल हवंच. पांढऱ्या अस्वलाचा भरवसा नाही. म्हणूनच गावात कुठल्याही दाराला कुलूप लावत नाहीत. अस्वल दिसलं तर कुणालाही कुठल्याही घरात शिरता यावं. एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने चौफेर बघत उभं राहायचं, हा नियम. एरवी दिव्याच्या झोतापलीकडे काही दिसत नाही आणि पहारा देणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. त्या दिवशी मात्र फ्यॉर्डचं पाणी दिसत होतं, पलीकडच्या हिमनद्या दिसत होत्या, झेपेलिन डोंगराची कड दिसत होती. बर्फावर आमच्या दोघांच्या लांब सावल्या पडल्या होत्या. सावली! कितीतरी दिवसांनी मी स्वतःची सावली पाहिली. सहकारी म्हणाला, "ताई, थांब गो जरा," आणि तो नुसता हात हलवून सावलीतला हात बघत राहिला. मीही बघितला. घाई कसली होती?

परतताना बर्फाचे नमुने घ्यायचे होते. त्यात वाऱ्याची दिशा सांभाळावी लागते. गावाची वीज डिझेलवर चालते, तेव्हा वारा गावाकडून येत असेल तर बर्फात आपलाच धूर सापडायचा. वारा फ्यॉर्डवरून होता. मी गुडघ्यांवर बसून वरचा ताजा थर स्वच्छ बाटलीत भरला. त्याच्याखाली खरपुडीसारखा कडक बर्फ लागला. काही दिवसांपूर्वी इथे पाऊस पडला होता. होय, भर जानेवारीत, काळोखात, पाऊस. आर्क्टिकचा हिवाळा आता असाच वागतो. पावसाचं पाणी बर्फावर गोठून काच होते. माणसं बुटांना लोखंडी काटे लावून सांभाळून चालतात. खरी पंचाईत रेनडियरची. खालचं शेवाळं, गवत त्या काचेखाली अडकतं. या भागातले रेनडियर शिकारीत संपले होते, १९७८ मध्ये ते परत आणून सोडले गेले. आज ते गावातल्या घरांमधून निवांत फिरतात. त्या सकाळी एक मादी पुढच्या खुराने काच फोडत होती. टक्, टक्, टक्. मग तोंड खाली घालून बराच वेळ चरली. आम्ही दोघांनीही सुटकेचा श्वास सोडला.

इथे आवाज असे स्पष्ट ऐकू येतात याला एक कारण आहे. या परिसरात वायफाय, ब्लूटूथ, मोबाइल सगळं बंद असतं. क्वेसारांकडून, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांकडून, येणाऱ्या रेडिओलहरी ऐकणाऱ्या मोठ्या अँटेना इथे आहेत. पृथ्वीचं फिरणं आणि खंडांचं सरकणं त्यावरून मोजतात. आपल्या खिशातल्या फोनची कुजबुजसुद्धा त्यांच्या कामात अडथळा. केंद्रात तारेचं इंटरनेट आहे, घरी बोलता येतं, पण जेवणाच्या टेबलावर कुणाच्या हातात फोन नसतो. मला तर वाटतं, इथल्या हिवाळ्यात माणसं टिकतात ती यामुळेच. निघण्याआधी मला पुष्कळ जणांनी सल्ला दिला होता: सिनेमे भरून ने, पुस्तकं ने, खोलीत मन रमव. प्रकाशाचा दिवा आणि ड जीवनसत्त्व मी घेतच होते, ते हवंच. पण खोलीत मन रमवण्याचा सल्ला मला पटला नाही आणि आजही पटत नाही. काळोखात आतच बसलं की दिवस आणि रात्र यांचा चिखल होतो. रोज बाहेर पडायला काम हवं, ठरलेल्या वेळी जेवायला चार माणसं हवीत. बाकीचं सुख मग आपण होऊन भेटतं. मेसमध्ये ताज्या पावाचा वास येतो. दारात सगळ्यांचे बूट ओळीत काढलेले असतात आणि लोकरीच्या मोज्यांवर माणसं फिरत असतात. शनिवारी रात्री सगळे नीटनेटके कपडे करून जेवायला येतात. विमान आलं की काकडी मिळते. काकडीची एक चकती किती वेळ चावता येते, ते मी इथे शिकले.

बाराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही जर्मन-फ्रेंच केंद्राच्या फुग्याच्या शेडपाशी पोचलो. तिथून रोज दुपारी बाराला हवामानाचा फुगा सोडतात. वादळ असो, सण असो, खंड नाही. हेलियम भरलेला पांढरा फुगा, त्याला लोंबणारं छोटंसं उपकरण. ते वर जाता जाता तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहतं. ही माहिती जगभरातल्या हवामान अंदाजाच्या संगणकांत जाते, आपल्या देशातल्याही. आदल्या आठवड्यात तिथल्या फ्रेंच तंत्रज्ञाला मी बोलता बोलता संक्रांतीबद्दल सांगितलं होतं, गच्च्यांवरच्या पतंगांबद्दलही. तो तेव्हा काही बोलला नव्हता. त्या दुपारी त्याने फुग्याचं तोंड बांधलं आणि ते सरळ माझ्या हातात दिलं.

"आज तुझा सण ना? सोड तू."

फुगा वर ओढत होता. एवढ्या मोठ्या गोष्टीला वजन नव्हतं, उलट तीच मला उचलू पाहत होती. लहानपणी काका मांज्याचा पतंग हवेत स्थिर झाल्यावर रीळ माझ्या हातात द्यायचे, तशी ती ओढ. त्याने हात वर केला, मी बोटं सोडली. फुगा चंद्रप्रकाशात पांढरा चमकला, तिरका होत झेपेलिनच्या दिशेने गेला, लहान झाला. दक्षिणेला क्षितिजावर निळसर उजेडाची एक पुसट पट्टी होती. सूर्य तिथे दहा अंश खाली होता. २१ डिसेंबरपासून तो दोन अंश उत्तरेला सरकला होता, त्या दिवशी कुठे आम्हाला जाणवला.

मी विचारलं, "वर जाऊन फुग्याला सूर्य दिसेल?"

तिघं आत जाऊन कागदावर हिशोब करायला बसलो. तीस किलोमीटर उंचीवरून क्षितिज साडेपाच अंश खाली जातं. वातावरणातून प्रकाश वाकतो, त्याचा थोडा फायदा. म्हणजे आज नाही. पण फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सूर्य क्षितिजावर येण्याच्या दोनेक आठवडे आधी, हा फुगा उन्हात शिरेल. रोजच्या कामातला तो तंत्रज्ञ पेन्सिल खाली ठेवून हसला. इतके फुगे सोडले, म्हणाला, पण हा प्रश्न कधी मनात आला नव्हता.

संध्याकाळी तिळगूळ. तीळ, दाण्याचं कूट आणि चिक्कीचा गूळ मी पुण्याहून आणला होता. सामानाच्या वजनात एक स्वेटर कमी केला, पण गूळ ठेवला. आदल्या रात्री मेसच्या आचाऱ्याने स्वयंपाकघराचा एक कोपरा मला दिला. तीळ तडतडायला लागले तसा तो भाजायचं पातेलं सोडून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून मी तो ताटलीवर आपटला, टण् वाजला, तेव्हा त्याला खूप आनंद झाला. मग पुढचे थेंब त्यानेच टाकले. वेलदोडा, जायफळ, तूप लावलेलं ताट, वाटीच्या बुडाने थापलेल्या वड्या. सकाळपर्यंत त्या छान खुटखुटीत झाल्या होत्या.

जेवण झाल्यावर मी काळा स्वेटर घालून ताट घेऊन टेबलाटेबलावर गेले. एरवी सणाला काळं घालत नाहीत, पण संक्रांत थंडीतली, म्हणून आपल्याकडे काळं. हे मी एकदा सांगितलं आणि पुढच्या पाच मिनिटांत दोघीजणी खोलीतून काळ्या शाली घेऊन आल्या. प्रत्येकाच्या हातावर वडी ठेवत मी "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत होते. माझा सहकारी मागून हलवा देत "गोड उलय" म्हणत होता, त्याच्या घरी तसंच म्हणतात. इटालियन शेजारीण दोन्ही म्हणायला शिकली. एका टेबलावर दोन जण बसले होते. यंत्रांच्या वेळांवरून त्यांचं काही दिवस बिनसलं होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. मी दोघांना एकाच वेळी वडी दिली आणि सणाचा रिवाज सांगितला. ते एकमेकांकडे बघून हसले. त्यापुढे त्यांचं काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण त्या रात्री दोघं एकत्र बुद्धिबळ खेळत बसले.

आचाऱ्याने शेवटच्या चार वड्या डब्यात भरून बाजूला ठेवल्या. विमानाने परत येणाऱ्या दोघांसाठी. फ्रेंच तंत्रज्ञाने दुसरी वडी खात भिंतीवरच्या कॅलेंडरवर फेब्रुवारीतली एक तारीख गोल केली आणि शेजारी माझं नाव लिहिलं.

"उन्हातला फुगाही तूच सोडायचा."

मी म्हटलं, "आणि त्या दिवशी ढग असले तर?"

"असू देत," तो म्हणाला. "नेहमीचे ढग दहा किलोमीटरच्या आतच संपतात."