दूरच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू होताना

देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड हलवलं आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू झाले, त्याला आता एक सत्र होत आलं. याच वाटेने येणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे. प्रवासाविषयी थोडं, पोचल्यानंतरचं जास्त.

सामानाचं आधी उरकते. पुस्तकं मोठ्या खोक्यांत भरू नका, उचलणाऱ्याची कंबर जाते आणि खोक्याचा तळही. लहान खोकी घ्या. पुस्तकं आडवी ठेवा किंवा कणा खाली करून. पानांची उघडी कड खाली आली तर पानांच्या वजनाने बांधणी खिळखिळी होते. कोरड्या हवेतून दमट हवेत जाणार असाल, तर नव्या घरात बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट लावू नका. आर्द्रता सलग पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. हे कामावर सगळ्यांना सांगतो आणि घरी विसरतो.

निघण्याआधी मात्र एक काम कराच. जुन्या संस्थेचा ईमेल बंद होणार आहे. ऑर्किड (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक), झोटेरो (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर), व्यावसायिक संघटनांचं सदस्यत्व, जिथे जिथे तो पत्ता दिला असेल तिथे स्वतःचा पत्ता जोडा. पासवर्ड विसरलात तर दुवा त्या बंद झालेल्या पेटीत जाऊन पडेल. संदर्भव्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर संस्थेच्या परवान्यावर असेल, तर सगळ्या नोंदी आरआयएस स्वरूपात, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येतील अशा फाइलमध्ये, काढून घ्या. ग्रंथालयाच्या माहितीसाठ्यातून काढायला स्वतः लिहिलेले एसक्यूएल अहवाल, कार्यशाळांच्या स्लाइड्स, ज्यात वाचकांची माहिती नाही असं सगळं, परवानगी घेऊन सोबत ठेवा.

रुजू होण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर दोन सत्रांमधली सुटी साधा. सत्र सुरू होण्याच्या आठवड्यात गेलात तर तुम्हाला काही शिकवायला कुणालाही सवड नसते.

पहिले दिवस वाट पाहण्यात जातात. ओळखपत्र, किल्ल्या, लॉगिन, प्रत्येक गोष्ट वेगळ्या कार्यालयातून येते. या वेळात परत आलेली पुस्तकं रॅकवर लावायला लागा. हे हलकं काम आहे असं मानणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही, संग्रह ओळखायचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही. माझी आधीची सगळी नोकरी ड्यूई वर्गीकरणात गेली, इथे लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत. तिच्यात एकाच कॉल नंबरात, म्हणजे पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणाऱ्या क्रमांकात, दोन नियम चालतात. विषय सांगणाऱ्या अक्षरांनंतरचा आकडा पूर्णांक म्हणून वाचायचा, म्हणून क्यूए ९ आधी आणि क्यूए ७६ नंतर. पण त्यापुढचा कटर क्रमांक, म्हणजे बहुधा लेखकाच्या नावावरून दिलेलं अक्षर आणि आकडे, दशांश असतो, म्हणून सी२५ आधी येतो आणि सी३ नंतर. पंचवीस तीनच्या आधी कसे, असं नवा विद्यार्थी-मदतनीस हमखास विचारतो आणि बरोब्बर उलट लावतो. न सापडणाऱ्या पुस्तकांची यादी हाती आली की आधी अशा जागा तपासा. बरीचशी ‘हरवलेली’ पुस्तकं हातभर अंतरावर असतात.

त्यानंतर देवघेव काउंटर. संदर्भसेवेवर नेमणूक झाली असली तरी काही पाळ्या मागून घ्या, संध्याकाळच्या तर नक्की. विद्यार्थ्यांचे खरे प्रश्न तिथे कळतात. इथला सर्वांत नेहमीचा प्रश्न असा: ‘हा लेख ग्रंथालयात उघडतो, होस्टेलवर पैसे मागतो.’ कारण साधं आहे. प्रकाशकाची यंत्रणा विद्यापीठाचा आयपी पत्ता ओळखते आणि बाहेरून आलात की अनोळखी समजते. दुवा प्रॉक्सीतून, म्हणजे विद्यापीठाच्या मधल्या सर्व्हरमधून, गेला पाहिजे किंवा संस्थेच्या लॉगिनने आत शिरलं पाहिजे. तुमच्या नव्या ठिकाणी यातलं काय चालतं ते पहिल्याच आठवड्यात घरी बसून, विद्यार्थ्यासारखं करून पाहा. मग काउंटरवर उत्तर द्यायला कुणाला हाक मारावी लागत नाही.

संगणकप्रणाली बदलली म्हणून धास्ती घेऊ नका. कोहा असो की ग्रंथालयाची दुसरी कुठली प्रणाली, पुस्तकांच्या नोंदींचा मार्क २१ हा साचा तोच असतो, ठरावीक माहिती ठरावीक क्रमांकाच्या रकान्यात: २४५ मध्ये शीर्षक, ०५० किंवा ०८२ मध्ये वर्गांक, ८५६ मध्ये दुवा. फरक असतो देवघेवीच्या नियमांत. कोणत्या गटातल्या वाचकाला कोणत्या प्रकारचं पुस्तक किती दिवस, याचं कोष्टक मागून घ्या आणि वाचा. विचित्र वाटणाऱ्या दंडाच्या बहुतेक तक्रारी त्याच कोष्टकात सुटतात.

नियतकालिकांच्या वर्गण्या बहुधा जानेवारी ते डिसेंबर अशा असतात. म्हणजे काय ठेवायचं, काय बंद करायचं याचा खल त्याच्या बराच आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला होतो. तेव्हा नवखे म्हणून गप्प बसायचं नसेल, तर काउंटर अहवाल आधीच चाळून ठेवा (हे देवघेवीचं काउंटर नव्हे, ऑनलाइन नियतकालिकांचा वापर मोजण्याचं प्रकाशकांसाठीचं प्रमाण). टीआर_जे१ मध्ये किती वापर झाला ते दिसतं आणि टीआर_जे२ मध्ये वाचकांना किती वेळा दार बंद मिळालं ते. दुसरा अहवाल फारसं कुणी उघडत नाही, माझ्या मते तोच जास्त बोलतो.

‘आमच्या तिकडे असं नव्हतं’ हे वाक्य तोंडात येईल, ते गिळा. खटकलेलं वहीत लिहा आणि कारण विचारा. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड तळघरात का, असं मला वाटत होतं. रॅकवरची जबाबदारी सांभाळणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी कॉम्पॅक्टरकडे बोट दाखवलं. रुळांवर सरकणाऱ्या या कपाटांमध्ये वाटा उरत नाहीत, त्यामुळे तेवढ्याच जागेवर साध्या रॅकच्या सुमारे दुप्पट भार धरावा लागतो. वरच्या मजल्याच्या स्लॅबला तो पेलायचा नाही. मोठ्या आकाराचे नकाशासंग्रह कुठे सरकवलेत हेही त्यांनाच ठाऊक, ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) ते अजून जुन्याच जागी आहेत.

मन लागत नाही, हे होणारच. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन १९२४ मध्ये गणिताचं अध्यापन सोडून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा त्यांनाही तिथला एकांत असह्य झाला होता, पुन्हा शिकवायला घ्या म्हणून ते सांगायला गेले होते. त्यांची ग्रंथालयशास्त्राची प्रसिद्ध पंचसूत्री पुस्तकरूपाने आली ती १९३१ मध्ये. मला विभागांत जाण्याचा उपयोग झाला. सगळ्यांना परिचयाचा ईमेल पाठवण्यापेक्षा एका विषयाची वाचनयादी घ्या, त्यातलं काय आपल्याकडे आहे आणि काय नाही ते तपासा आणि तो कागद घेऊन प्राध्यापकांना भेटा. बोलणं आपसूक सुरू होतं.

परिविक्षाकाळात तुमच्याकडून नेमकं काय अपेक्षित आहे, ते लेखी घ्या. आणि घराचा करार घाईने करू नका. सुरुवातीला तात्पुरतं राहा, सायंपाळी संपते त्या वेळेला ग्रंथालयापासून त्या घरापर्यंत एकदा जाऊन बघा, वाहन मिळतं का, रस्त्यावर दिवे आहेत का, आणि मगच सही करा.