आमची वाटचाल : खर्रा सुटतो, पण सुटलेला राहत नाही

२०१६ मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीत आम्ही दोघांनी डॉक्टरांच्या पेशंटची रोज विचारपूस करणाऱ्या अ‍ॅपचं काम सुरू केलं. दुसरा म्हणजे माझा मावसभाऊ, तेव्हा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून बसून त्याच्या ध्यानात आलं होतं, की पेशंट सल्ला पाळतो, पण धानाची रोवणी लागली की सगळं सुटतं. गोळ्या, चालणं, खर्रा (तंबाखू-सुपारी-चुना घोटलेला) सोडल्याची शपथ, सगळंच.

आमचं अ‍ॅप रोज एकच प्रश्न विचारतं, तोही आवाजात : ‘आज खर्रा खाल्ला का जी?’ खाली दोन बटणं. रेंज नसली तर उत्तर फोनमध्येच राहतं, रेंज आली की पोचतं. उत्तरं बंद झाली की आमच्या ऑफिसातली मुलगी फोन करते. मधली वर्षं बरी गेली.

मग मोठ्या शहरातली एक कंपनी आली. डॉक्टरांना टॅब फुकट, अ‍ॅप फुकट. ज्यांच्याकडे मी दिवाळीचा फराळ नेला, त्यांनीही आमचं अ‍ॅप काढून टाकलं. पगार थकले, सर्व्हरचं बिल भरायला भावाने मोटरसायकल विकली. आणि त्यांचं अ‍ॅप काय होतं? दरवेळी ओटीपी. आमच्या जंगलपट्ट्यात ओटीपीसाठी बांधावर चढावं लागतं! दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला ते विचारायचं, आज १०,००० पावलं झाली का?

सिंदेवाहीकडच्या एका डॉक्टरांनी मात्र टॅब परत पाठवला. म्हणाले, ‘एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी तीन महिन्यांची साखर सांगते. ही कंपनी तीन वर्षं टिकू दे, मग बघू.’ आणि वर्षाचे पैसे आगाऊ दिले.

त्यांचा कंपाउंडर आमचा सगळ्यात प्रामाणिक पेशंट. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण खर्रा टपरीवर पन्नीत घोटून डोळ्यांदेखत मिळतोच. चुना लागलेल्या अंगठ्याने गडी ‘हो’ दाबायचा. ‘हो’ आलं की आम्ही रागवत नाही, कधी खाल्ला ते विचारतो. त्याचं उत्तर ठरलेलं : चार वाजता, चहासोबत. आम्ही प्रश्न साडेतीनला आणला. महिन्याभरात ‘नाही’ येऊ लागले. मधेच एखादा ‘हो’ येतो, तो धरूनच चालायचं.

या धंद्यात येणाऱ्या पोरांनो, आधी २ जीबी रॅमचा जुना फोन घ्या, त्यावर चाललं तरच पुढे जा. लग्नाच्या व्हिडिओंनी फोन भरला की पहिलं तुमचंच अ‍ॅप उडतं. ग्राफ कमी काढा. आणि पैसे आगाऊ घ्या.

ती कंपनी पुढे गुंडाळली, पेशंटच्या नोंदी तिच्यासोबत गेल्या. टॅबवर आता डॉक्टरांची नातवंडं खेळतात. परवा फराळवाल्यांपैकी एकाचा फोन आला, जुन्या दरात जमेल का म्हणून. नवा दर सांगितला, वर जीएसटी वेगळा.