तक्रार असेल तर टाळ वाजवा

वारीत भांडणं होत नाहीत असं कुणी सांगितलं तर समजायचं की हा गडी एकादशीला गाडीनं जाऊन आलाय. होतात की ओ, रोज होतात. टँकरच्या पाण्यावरून, तंबूतल्या जागेवरून, चपलेच्या अदलाबदलीवरून, आणि पहाटे तीनला ज्याचा अलार्म वाजतो तो सोडून सगळे उठतात त्यावरून पण. पायाला फोड, अंगावर ओले कपडे, झोप नाही, मग माऊली माऊली म्हणतानाच आवाज चढतो.

आमची दिंडी ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीतली, रथामागची. वाल्ह्याहून निघून नीरेला पादुकांचं स्नान आणि मग लोणंद, त्या दिवशी गुडघा लय बोलत होता म्हणून मी दिंडी सोडून पुढं आलो होतो. बघतो तर आमच्या नेहमीच्या जागेवर दुसऱ्याच दिंडीचा ट्रक उभा आणि त्यांची राहुटी अर्धी ठोकून झालेली. आमची तंबू ठोकणारी पोरं तापलेली, एकजण तर त्यांचा खुंटा उपटायलाच वाकला, तिकडून ड्रायव्हर उतरला, "हात लावून दाखव" सुरू झालं, आणि मोबाइल काढून शूटिंग करणारे तर काय, तयारच असतात.

आमच्या स्वयंपाकाच्या मावशी ट्रकमधूनच येतात. त्या या गोंधळात न पडता सरळ मागच्या बाजूला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "काय झालंय ओ हिला?" ट्रकमध्ये वळकट्यांवर एक बाई पडलेली, डोक्याला ओला रुमाल, ताप आणि सकाळपासून उलट्या. त्यांना ठरलेल्या जागेत पाणी साचलेलं, बाईला टेकवायला कोरडी जागा दिसली तिथं त्यांनी ट्रक घातला. हे ड्रायव्हरनं आधी का नाही सांगितलं? कारण कुणी विचारलंच नव्हतं, आल्या आल्या "काढ गाडी" एवढंच ऐकलं त्यानं. खुंट्याला वाकलेला पोरगाच मग आरोग्य पथकाच्या ॲम्ब्युलन्सकडं पळाला. जागेचा प्रश्न काही सुटला नव्हता, आमची चूल मांडायची कुठं हे होतंच, पण आता दोन्हीकडची माणसं वाकून जमीन बघत होती, की चिखल कुठं कमी आहे.

संध्याकाळी समाजआरती. ही ज्यानं बघितली नाही त्याला सांगतो. पालखी तळावर आली की दिंड्या भोवती गोल करून उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. सोहळ्याची शिस्त बघणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात, "होऽऽ" म्हणतात, आणि एवढा समाज एका क्षणात गप्प. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. तिला कुणी दटावत नाही, चोपदार स्वतः चालत तिच्याकडं जातात, ऐकून घेतात, काहीतरी मार्ग काढतात, तेव्हा टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्याच्या निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते. सोहळ्याची ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी लावली, ते मूळचे शिंद्यांच्या पदरचे सरदार. लष्करातला माणूस, त्याच्या वळणात तक्रार करणाऱ्याला गप्प करायचं नाही, उलट त्याचंच आधी ऐकायचं, मला हे फार भारी वाटतं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रारवाला बोलायला उठला की चहा येतो.

तर त्या दिवशी चोप वर गेला, सगळीकडं शांत, आणि त्या शेजारच्या दिंडीचे टाळ चालूच. साचलेल्या पाण्याबद्दल. आमच्या विणेकरी बाबांनी एकदा तिकडं बघितलं, आमच्या टाळकऱ्यांना मान हलवून खूण केली, आणि आमचेही टाळ सुरू. चोपदार आले, त्यांना आधी वाटलं दोन दिंड्यांचं एकमेकींविरुद्ध काहीतरी आहे. बाबा म्हणाले, "नाही माऊली, तक्रार एकच आहे, ह्यांना जागा कोरडी पाहिजे, म्हणजे आम्हालाबी आमची मिळंल." तळावरच्या लोकांना निरोप गेला, उशिरा का होईना मुरूम पडला, तोवर मात्र दोन्हीकडचा स्वयंपाक मावशींच्याच चुलीवर.

दुसऱ्या दिवशी तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व पळतात, ते बघायला ती तापवाली बाई हजर, वर मावशींना सांगत होती की कालच्या पिठल्यात मीठ कमी होतं. तरडगावला परत एक भांडण झालं, ह्यावेळी आमच्याच दोन तंबूंत, चार्जिंगच्या बोर्डावरून.